नकोशी फ्रेंच पत्रे आणि त्यांची पारख

टपालवाल्याने दारात टाकलेल्या गठ्ठ्यातून कोणते पत्र आधी फोडायचे आणि कोणते न फोडताच रद्दीत टाकायचे, हे आपण एका दृष्टिक्षेपात ठरवतो. लिफाफ्याचा रंग, अक्षराचे वळण, टपालाच्या शिक्क्यावरचे गाव, एवढ्यावरून आपला निर्णय होतो आणि बहुधा तो बरोबरही ठरतो. ईमेलच्या बाबतीत मात्र हे काम आपण यंत्रावर सोपवले आहे. यंत्राला दृष्टी नसते. त्याला नियम द्यावे लागतात, आणि ते नियम शेवटी कोणा माणसानेच लिहिलेले असतात. हे नियम कसे लिहितात, लिहिल्यावर ते कसे पारखतात, आणि इंग्रजीऐवजी फ्रेंच भाषेतील पत्रांसाठी ते लिहायचे म्हटले म्हणजे कोणते प्रश्न उभे राहतात, याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत.

प्रथम थोडा इतिहास. ३ मे १९७८ या दिवशी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी धाडली. न मागितलेल्या ईमेल-जाहिरातीचे हे पहिले उदाहरण मानले जाते. अशा पत्रांना पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले. हे मुळात १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव. १९७० मध्ये इंग्लंडच्या दूरदर्शनवर एक प्रहसन दाखवले गेले. त्यात उपाहारगृहातील जवळजवळ प्रत्येक पदार्थात हेच मांस असते आणि त्या एका शब्दाच्या गजरात बाकीचे सगळे संभाषण बुडून जाते. नकोशा पत्रांच्या गर्दीत हवेसे पत्र बुडते तेही असेच, म्हणून ते नाव चिकटले. फ्रेंच भाषकांनी मात्र आपला शब्द घडवला. कॅनडातील क्युबेक प्रांताच्या भाषा-कार्यालयाने १९९७ मध्ये ‘पूरिएल’ हा शब्द सुचवला. कचऱ्याची पेटी या अर्थाचा ‘पूबेल’ आणि ईमेल या अर्थाचा ‘कूरिएल’, या दोहोंचा तो जोड आहे. शिवाय ‘पूरी’ म्हणजे कुजलेला, हा अर्थही त्यातून ऐकू येतो.

फ्रान्समध्ये व्यक्तिगत माहितीचे रक्षण करणारा ‘क्नील’ नावाचा आयोग आहे. ६ जानेवारी १९७८ च्या कायद्याने तो स्थापन झाला. २००२ च्या उन्हाळ्यात या आयोगाने नागरिकांसाठी एक खास पेटी उघडली आणि आपल्याला येणारी नकोशी पत्रे त्या पेटीकडे पाठवा, असे आवाहन केले. थोड्याच महिन्यांत तीन लाखांहून अधिक पत्रे जमली. त्यांतली बहुसंख्य इंग्रजीत होती. फ्रेंच पत्रांचा वाटा फार लहान होता. या एका गोष्टीने पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. ज्या भाषेत उपद्रव अधिक, त्या भाषेसाठी नियम अधिक लिहिले गेले, अधिक तपासले गेले, अधिक घोटले गेले. फ्रेंच पत्रांवर मात्र दीर्घकाळ इंग्रजीसाठी कातलेले नियमच चालवले गेले. त्याचे परिणाम दोन झाले. फ्रेंच कचरा बिनदिक्कत आत आला, आणि फ्रेंचमधील कित्येक सज्जन पत्रे दाराबाहेर राहिली.

आता यंत्र न्याय कसा करते ते पाहू. लहानमोठ्या संस्था आपल्या सर्व्हरवर जी साधने वापरतात, त्यांतले एक प्रसिद्ध साधन म्हणजे स्पॅमअसॅसिन. जस्टिन मेसन यांनी ते २००१ मध्ये सर्वांसाठी खुले केले; पुढे अपाची प्रतिष्ठानाने ते आपल्या छत्राखाली घेतले. त्याची रीत परीक्षकासारखी आहे. प्रत्येक नियम म्हणजे एक प्रश्न. पत्राच्या मजकुरात अमुक शब्दरचना आहे काय? पाठवणाऱ्याचा पत्ता आणि उत्तराचा पत्ता भिन्न आहेत काय? आतला दुवा भलत्याच ठिकाणी नेतो काय? उत्तर ‘होय’ आले की त्या नियमाचे ठरलेले गुण पत्राच्या खाती जमा होतात. काही नियम उणे गुणही देतात. बेरीज पाचावर पोचली की पत्र नकोशा गठ्ठ्यात जाते. हा पाचाचा आकडा बदलता येतो, पण साधन हाती येते ते या आकड्यानिशी.

या पद्धतीचे शहाणपण असे की, कोणत्याही एका लक्षणावरून कोणालाही दोषी धरले जात नाही. दीड गुणाचे एक लक्षण संशय निर्माण करते. तीन-चार लक्षणे एकत्र आली म्हणजे निर्णय होतो. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका निबंधातून दुसरी दिशा लोकप्रिय केली. त्यांच्या मते नियम हाताने लिहू नयेत. हव्याशा आणि नकोशा पत्रांतील शब्दांची वारंवारता मोजून यंत्रालाच संभाव्यता काढू द्यावी. आज मोठ्या कंपन्या अशी शिकणारी यंत्रेच मुख्यत्वे वापरतात. तरीही हाताने लिहिलेल्या नियमाला एक गुण आहे, आणि तो मोलाचा आहे. ‘हे पत्र का अडवले?’ या प्रश्नाचे उत्तर तो नाव घेऊन देतो. न्याय करणाऱ्याने कारण सांगावे, ही अपेक्षा यंत्राकडूनही ठेवायला हरकत नाही.

नियम लिहिण्याचे काम वरवर पाहता सोपे वाटते. नकोशा पत्रात वारंवार येणारा शब्द शोधा, तो शब्द सापडला की गुण द्या, झाले! परंतु या सोपेपणात फसगत कशी होते, याचे एक उदाहरण या धंद्यात प्रसिद्ध आहे. पुरुषांच्या एका औषधाची जाहिरात करणाऱ्या पत्रांचा एके काळी महापूर आला होता. त्या औषधाचे नाव ‘सियालिस’. हे नाव मजकुरात कोठेही आले तरी पत्र संशयित, असा नियम कोणी लिहिला की काय होते पाहा. फ्रेंचमध्ये तज्ज्ञाला म्हणतात ‘स्पेसियालिस्त’. समाजवाद्याला म्हणतात ‘सोसियालिस्त’. या दोन्ही शब्दांच्या पोटात त्या औषधाच्या नावाची सहाही रोमन अक्षरे अगदी त्याच क्रमाने बसलेली आहेत. म्हणजे हृदयरोगतज्ज्ञाने रुग्णाला धाडलेली भेटीची वेळही संशयित, आणि एका राजकीय पक्षाचे सभेचे निमंत्रणही संशयित.

यावर इंग्रजीतला परिचित उपाय असा की, शब्दाच्या आरंभाची खूण नियमात घालावी. नाव शब्दाच्या सुरुवातीला आले तरच गुण, अन्यथा नाही. या उपायाने इंग्रजीतील तज्ज्ञ सुटतो. फ्रेंचमधील समाजवादीही सुटतो. पण फ्रेंच तज्ज्ञ सुटत नाही! याचे कारण फ्रेंच लिपीत आहे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे.

फ्रेंच लिपी रोमन असली तरी तिच्यात स्वरांवर चिन्हे येतात. ‘ए’ या अक्षरावर उजवीकडे कललेली रेघ आली की त्याला ‘आक्सांतेग्यू’ म्हणतात, डावीकडे कलली की ‘ग्राव्ह’, आणि टोपीसारखे चिन्ह आले की ‘सिर्कोंफ्लेक्स’. ही चिन्हे शोभेची नाहीत. कोळ्याला आणि पापी माणसाला फ्रेंचमध्ये जे दोन शब्द आहेत, त्यांच्यात फरक आहे तो एवढ्या चिन्हाचाच. आता ‘स्पेसियालिस्त’ या शब्दात औषधाच्या नावाच्या लगेच आधी हे चिन्हयुक्त ‘ए’ येते. संगणक मजकूर साठवतो तो बाइट नावाच्या लहान लहान अंकांच्या स्वरूपात. बिनचिन्हाच्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. चिन्हयुक्त ‘ए’ मात्र आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत दोन बाइट घेते, १९५ आणि १६९. नियम चालवणारे यंत्र बाइटच वाचत असेल, तर हे दोन अंक त्याला अक्षर म्हणून ओळखू येत नाहीत. ते त्यांना विरामचिन्हासारखी काही तरी परकी वस्तू समजते. साहजिकच त्याच्या हिशेबी तेथे एक शब्द संपतो आणि पुढे ‘सियालिस’ने नवा शब्द सुरू होतो. आरंभाची खूण जुळते, आणि बिचारा तज्ज्ञ पुन्हा पकडला जातो. शब्दाच्या शेवटाचीही खूण घालावी, तेव्हा कोठे तो सुटतो.

बाइटांचे हे प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. १९८७ च्या आयएसओ-८८५९-१ या जुन्या पद्धतीत तेच चिन्हयुक्त ‘ए’ एका बाइटात, २३३ या अंकाने लिहिले जाई. म्हणजे एकच फ्रेंच शब्द दोन पत्रांत दोन वेगवेगळ्या अंकमालिकांनी येऊ शकतो. युनिकोडमध्ये आणखी एक मुभा आहे. साधे ‘ए’ लिहून त्यानंतर चिन्ह स्वतंत्रपणे जोडता येते; डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला मात्र तिसरीच मालिका दिसते. लहान आणि मोठ्या लिपीतील अक्षरे एकच समजावीत, अशी आज्ञा नियमाला देता येते. पण बाइट वाचणाऱ्या यंत्राला ती आज्ञा साध्या अक्षरांपुरतीच कळते. चिन्हयुक्त मोठे ‘ए’ म्हणजे १९५ आणि १३७. त्याचे १९५-१६९ शी नाते आहे, हे त्याच्या गावीही नसते. शिवाय मोठ्या लिपीत लिहिताना पुष्कळ फ्रेंच माणसे चिन्हे गाळतात, ती गोष्ट निराळीच. डिसेंबर २००२ नव्हे, तर थेट वीस वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्पॅमअसॅसिनच्या चौथ्या आवृत्तीत सर्व मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये आणण्याची व्यवस्था मुळातच चालू ठेवलेली आहे. त्यामुळे जुन्या-नव्या पद्धतींचा घोळ पुष्कळ कमी झाला. पण नियम लिहिणाऱ्याने एका अक्षरासाठी अनेक पर्याय मांडण्याची सवय सोडू नये. आणि ते पर्याय एका कंसात अक्षरे कोंबून मांडू नयेत, पूर्ण पर्याय वेगवेगळे लिहावेत. कारण कंसातले दोन बाइटांचे अक्षर यंत्र दोन सुट्या वस्तू म्हणून वाचते.

फ्रेंच लेखनाच्या आणखी दोन सवयी नियमांना चकवतात. पहिली लोपचिन्हाची. फ्रेंचमध्ये ते पदोपदी येते. ते टंकयंत्राच्या सरळ रेघेसारखे लिहिले जाते, तसे छापखान्याच्या वळणदार चिन्हानेही लिहिले जाते. नियमात एकच रूप असेल, तर अर्धी पत्रे निसटतात. दुसरी सवय मोकळ्या जागेची. उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम यांच्या आधी फ्रेंच लोक थोडी जागा सोडतात, आणि ओळ तेथे तुटू नये म्हणून ती जागा एका खास न तुटणाऱ्या चिन्हाने भरतात. ‘फुकट!’ असे ओरडणारी जाहिरात पकडण्यासाठी शब्दाला लगटून उद्गारचिन्ह शोधणारा इंग्रजी नियम म्हणूनच फ्रेंच जाहिरातीपुढे निरुपयोगी ठरतो. उलट शुद्ध फ्रेंच छपाईची ही शिस्तबद्ध जागाच संशयास्पद मानणारा नियम कोणी लिहिला, तर तो सर्वांत काळजीपूर्वक लिहिणाऱ्या माणसाला शिक्षा करतो.

लिपीचा अडथळा ओलांडला की खरा प्रश्न येतो तो अर्थाचा. कोणत्या शब्दांवरून संशय घ्यावा? नवशिक्याचे लक्ष प्रथम पत्राच्या तळाशी जाते. तेथे लिहिलेले असते की, यापुढे पत्रे नको असल्यास येथे दाबा. त्याखाली बहुधा ६ जानेवारी १९७८ च्या कायद्याचा उल्लेख करून, आपली माहिती पाहण्याचा व दुरुस्त करण्याचा हक्क आपल्याला आहे, असे गंभीर वाक्य असते. नकोशा फ्रेंच पत्रांत हे वाक्य इतक्या वेळा दिसते, की ते पाहताच गुण द्यावेत असे वाटू लागते. परंतु हेच वाक्य सरळमार्गी संस्थाही लिहितात. विद्यापीठाचे वार्तापत्र, नाट्यगृहाची कार्यक्रमपत्रिका, नगरपालिकेची सूचना, या सर्वांच्या तळाशी ते असते. २१ जून २००४ च्या फ्रेंच कायद्याने खासगी व्यक्तीला तिच्या पूर्वसंमतीशिवाय जाहिरात पाठवण्यास बंदी केली. व्यवसायाच्या पत्त्यावर व्यवसायासंबंधी जाहिरात पाठवण्याबाबत मात्र आयोगाने सौम्य धोरण ठेवले, आणि नकार देण्याची सोय असली म्हणजे पुरे असे मानले. म्हणजे जो नियम पाळतो तोही हे वाक्य लिहितो, आणि जो मोडतो तो सज्जनपणाचा आव आणण्यासाठी लिहितो. ज्या लक्षणावरून साधू आणि भोंदू दोघेही ओळखू येतात, ते लक्षण पारखीच्या कामाचे नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. फ्रेंच ईमेलच्या जगात कर्जाच्या खोट्या देकारांचा मोठा सुळसुळाट आहे. ‘प्रे आंत्र पार्तिक्युलिए’, म्हणजे खासगी व्यक्तींमधील कर्ज, असे त्याचे ठरीव शीर्षक. कोणी सद्गृहस्थ अल्प व्याजाने मोठी रक्कम द्यायला तयार असतात. अट एवढीच की कागदपत्रांचा खर्च आधी पाठवावा. तो खर्च पाठवला की सद्गृहस्थ अंतर्धान पावतात. ज्यांना बँकेने दाराबाहेर घालवलेले असते, तेच या जाळ्यात सापडतात. म्हणून हे पत्र अडवणे हे खरोखरच पुण्याचे काम आहे. तेव्हा ‘प्रे’ या शब्दावर नियम लिहावा काय? हा शब्द कर्ज या अर्थी येतो, तसाच ‘तयार’ या अर्थीही येतो. ‘आपले सामान तयार आहे, घेऊन जावे’ असे दुकानदाराचे पत्र त्या नियमात अडकेल. मग ‘प्रे आंत्र’, म्हणजे ‘यांच्यामधील कर्ज’, असे दोन शब्द घ्यावेत? ग्रंथालये आपसात पुस्तकांची जी देवघेव करतात, तिला फ्रेंचमध्ये ‘प्रे आंत्र बिब्लियोतेक’ म्हणतात. दूरच्या ग्रंथालयातून आलेल्या दुर्मीळ ग्रंथाची वर्दी संशोधकाला कधीच मिळणार नाही. तिन्ही शब्द घेतले तर नियम बराच नेमका होतो. तरीही बँकांच्या या व्यवहारावरचा वृत्तपत्रातील लेख, किंवा अशा फसवणुकीपासून सावध राहा असे सांगणारे सरकारी पत्रक, त्यात सापडतेच. चोराचे वर्णन करणाऱ्या जाहीरनाम्यालाच चोर म्हणून धरण्यासारखे हे झाले.

यावरचा मार्ग म्हणजे जोडनियम. स्पॅमअसॅसिनमध्ये ज्या नियमाच्या नावाआधी दोन अधोरेषा असतात, त्याला स्वतःचे गुण नसतात. तो फक्त साक्ष देतो. तीन-चार अशा साक्षी एकत्र आल्या तरच गुण द्यायचे, असा वरचा नियम लिहिता येतो. खासगी कर्जाचा उल्लेख ही एक साक्ष. व्याजाचा टक्का ही दुसरी. उत्तराचा पत्ता पाठवणाऱ्या पत्त्याहून वेगळा आणि फुकट मिळणाऱ्या सेवेवरचा, ही तिसरी. पत्र कोणाच्याही नावाने लिहिलेले नाही, ही चौथी. एकेक साक्ष दुबळी असते, पण चारही साक्षी एकाच पत्रात जुळल्या की वृत्तपत्र सुटते, ग्रंथपाल सुटतो आणि सावकाराचे सोंग घेतलेला सापडतो. पार्सल अडकले आहे, करपरतावा मिळणार आहे, आरोग्यविम्याचे कार्ड बदलायचे आहे, अशा आजच्या फसव्या फ्रेंच पत्रांनाही हीच रीत लागू पडते. पत्र ज्या कार्यालयाचे नाव सांगते त्याच कार्यालयाच्या पत्त्यावर आतला दुवा नेतो काय, हा प्रश्न त्यांत कोणत्याही शब्दापेक्षा अधिक मोलाचा असतो.

नियम लिहून झाला. आता पारख. येथेच खऱ्या कारागिराची कसोटी लागते. पारखीसाठी दोन गठ्ठे हवेत. एकात माणसाने स्वतः वाचून नकोशी ठरवलेली पत्रे, दुसऱ्यात तशीच वाचून हवीशी ठरवलेली. नकोशी पत्रे जमवणे सोपे. ती आपण होऊन येतात. फ्रान्समध्ये तर सिग्नाल स्पाम नावाच्या संस्थेकडे नागरिक ती आपणहून पाठवतात. हवीशी पत्रे जमवणे फार कठीण, कारण ती खासगी असतात. आपल्या मुलीचे पत्र, डॉक्टरचा अहवाल, वकिलाचा सल्ला परक्याच्या हाती कोण देईल? म्हणून पुष्कळ वेळा नियम लिहिणारा स्वतःचीच पत्रे वापरतो. आणि तो संगणकाच्या धंद्यातला असल्याने त्याचा गठ्ठा तांत्रिक पत्रांनी भरलेला असतो. त्यात आजीने लिहिलेले, चिन्हे गाळलेले, मोठ्या अक्षरांतले पत्र नसते, आफ्रिकेतील व्यापाऱ्याचे पत्र नसते, ग्रंथपालाचे नसते. नियम त्या गठ्ठ्यावर उत्तम उतरतो आणि बाहेरच्या जगात अन्याय करतो.

आकड्यांत बोलू. समजा, नकोशी २,००० आणि हवीशी ४,००० पत्रे आपल्याजवळ आहेत. पत्राच्या तळाशी येणाऱ्या त्या नकारसूचनेचा नियम चालवला, आणि तो ९०० नकोशा व १,४०० हव्याशा पत्रांना लागला. म्हणजे अनुक्रमे ४५ टक्के आणि ३५ टक्के. ४५ ला ८० ने भागले की ०.५६ येते. निव्वळ नाणेफेक केली असती तरी ०.५० आले असते. हा नियम फेकून द्यावा. खासगी कर्जाचा तीन शब्दांचा नियम १२० नकोशा आणि ६ हव्याशा पत्रांना लागला, म्हणजे ६ टक्के आणि ०.१५ टक्के. गुणोत्तर ०.९८ च्या आसपास. हा ठेवावा, पण गुण जपून द्यावेत. चार साक्षींचा जोडनियम ९६ नकोशा पत्रांना लागला आणि हव्याशांपैकी एकालाही लागला नाही. गुणोत्तर पूर्ण १. आता याला पाच गुण देऊन मोकळे व्हावे काय?

येथे संख्याशास्त्र आपल्याला हात धरून थांबवते. ४,००० पत्रांत एकही चूक दिसली नाही, याचा अर्थ चूक होतच नाही असा नव्हे. अशा वेळी एक साधा ठोकताळा वापरतात. तीनाला पत्रांच्या संख्येने भागावे. खरी चूक तेवढ्यापर्यंत असू शकेल, असे ९५ टक्के खात्रीने समजावे. येथे ती ४,००० त ३ निघते. दहा लाख हवीशी पत्रे हाताळणाऱ्या सर्व्हरवर तिचा अर्थ ७५० पत्रे असा होऊ शकतो. ३०० पत्रांवर तपासून ‘एकही चूक नाही’ म्हणणाऱ्याने तर शेकडा एक चूक संभवते, हे ध्यानी धरावे.

पारखीची आणखी काही पथ्ये आहेत. ज्या पत्रांवरून नियम सुचला त्याच पत्रांवर तो तपासू नये. ज्या पुस्तकातून पाठांतर झाले त्यातलाच उतारा विचारून विद्यार्थ्याची बुद्धी कळत नाही. नंतर आलेल्या पत्रांवर तपासावा. एकाच जाहिरातीच्या ३०० प्रती म्हणजे ३०० पुरावे नव्हेत. त्यांना एकच मोजावे. नियमाचे व्याकरण आधी यंत्राकडून तपासून घ्यावे. त्यासाठी स्पॅमअसॅसिनमध्ये वेगळी आज्ञाच आहे. तोच शब्द चिन्हांसह, चिन्हांविना, मोठ्या लिपीत, जुन्या बाइटांत आणि नव्या बाइटांत अशी पाच-सहा पत्रे स्वतः रचून नियमासमोर ठेवावीत. नव्या नियमाला आरंभी नाममात्र गुण द्यावेत. ज्याचे नाव ‘टी’ आणि अधोरेषा यांनी सुरू होते, त्याला ते साधन आपोआप ०.०१ एवढेच गुण देते. असा नियम काही आठवडे उमेदवारी करतो. तो कोणाला लागला ते नोंदले जाते, पण त्याच्यामुळे कोणाचे पत्र अडत नाही. उमेदवारी पार पडल्यावरच त्याला अधिकार द्यावा. आणि अधिकार दिल्यावरही दर काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. कारण फसवणारे शब्द बदलतात, आणि कालचा चोख नियम आज केवळ सज्जनांना टोचत बसतो.

श्रोतेहो, एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. एक नकोसे पत्र आत आले तर आपले चार क्षण जातात. एक हवेसे पत्र अडले तर काय जाते, हे सांगता येत नाही. कारण न आलेल्या पत्राची तक्रार कोणी करत नाही. पाठवणारा समजतो की उत्तर दिले नाही. ज्याला यायचे तो समजतो की कोणी लिहिलेच नाही. ग्रॅहम यांनीही आपल्या हिशेबात हव्याशा पत्रांतील शब्दांना दुप्पट वजन दिले होते, ते याच भीतीने.

या अन्यायाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. फ्रेंच ही फ्रान्सची भाषा, तशी ती पश्चिम आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांच्या कारभाराची भाषा आहे. कोत दिव्हुआर या देशात इंटरनेटवरून फसवणूक करणाऱ्यांना ‘ब्रूतर’ म्हणजे फुकटात चरणारे म्हणतात. हा शब्द तेथल्याच लोकांचा आहे. मृत्युपंथाला लागलेली श्रीमंत विधवा आपली संपत्ती तुम्हाला दान करते, अशी पत्रे ते पाठवतात. तेव्हा आबीजान शहराचे नाव, तेथील दूरध्वनीचा क्रमांक, किंवा ईश्वराच्या नावाने केलेला नमस्कार दिसला की गुण द्यावेत, असा मोह होतो. आकडेही त्याला दुजोरा देतात, कारण नियम लिहिणाऱ्याच्या हव्याशा गठ्ठ्यात आबीजानहून आलेले पत्रच नसते. परंतु त्या शहरात विद्यार्थी आहेत, इस्पितळे आहेत, कोकोचे व्यापारी आहेत, आणि खरोखरीच्या विधवाही आहेत. त्यांनी पॅरिसमधल्या कचेरीला लिहिलेला अर्ज त्यांच्या गावाच्या नावावरून अडला, तर फसवणूक करणाऱ्याने एकदा आणि न्याय करणाऱ्याने दुसऱ्यांदा, असे त्यांचे दोनदा नुकसान झाले. म्हणून नियम कृतीवर असावा, माणसाच्या ठिकाणावर नसावा. आगाऊ पैसे मागणे, उत्तर भलत्याच पत्त्यावर मागवणे, दुवा खोट्या जागी नेणे, या कृती आहेत. गाव, भाषा आणि नमस्काराची रीत या कृती नव्हेत.

आता हा प्रश्न आपल्याही उंबरठ्याशी येतो. हैदराबादेत, पुण्यात, पुद्दुचेरीत फ्रेंच शिकणारी, शिकवणारी, फ्रेंच विद्यापीठांशी पत्रव्यवहार करणारी माणसे आहेत. त्यांच्या संस्थेच्या सर्व्हरवर ‘परकी भाषा’ म्हणून फ्रेंचला गुण लावलेले असले, तर प्रवेशाचे पत्र कचऱ्यात पडायला एवढे पुरे आहे. स्पॅमअसॅसिनमध्ये आपल्याला चालणाऱ्या भाषांची यादी देता येते, आणि त्या यादीत मराठीलाही जागा आहे. म्हणजे जगातल्या एखाद्या सर्व्हरवर ‘परकी भाषा’ या सदरात मराठीही पडू शकते.

मराठीचे बाइट फ्रेंचहून अधिक गुंतागुंतीचे आहेत. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘ॲप’मधल्या चंद्राचा ‘अ’ एका चिन्हाने लिहिता येतो, तसा ‘अ’ आणि चंद्र मिळून दोन चिन्हांनीही लिहिता येतो. ‘दऱ्या’तला अर्धा रफार दोन-तीन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना सर्व सारखेच, यंत्राला निरनिराळे. फ्रेंचमध्ये ज्या ठेचा लागल्या त्या मराठीतही लागणार, हे उघड आहे. मराठीतून येणारे कर्जाचे, बक्षिसाचे, नोकरीचे खोटे देकार ओळखणारे नियम ज्याला लिहायचे असतील, त्याने फ्रेंचचा हा धडा आधी गिरवावा. प्रथम आपल्या भाषेतील हव्याशा पत्रांचा एक गठ्ठा, लिहिणाऱ्यांच्या संमतीने आणि नावे काढून, जमवावा. त्यात शहरातले लेखन असावे, तसे खेड्यातलेही असावे. बडोद्याचे असावे, बेळगावचे असावे, गोव्याचे असावे. त्यात शुद्ध लिहिणारा असावा आणि ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करणाराही असावा. गठ्ठा जितका व्यापक, तितका नियम न्यायी.

आणि जे नियम लिहीत नाहीत, अशा आपणां सर्वांसाठी एक लहानशी विनंती आहे. आठवड्यातून एकदा आपल्या कचऱ्याच्या पेटीत डोकावून पाहा. तेथे एखादे हवेसे पत्र पडलेले दिसले, तर ते नुसते उचलून घेऊ नका. ‘हे नकोसे नव्हे’ अशी खूण त्यावर करा. त्या एका खुणेने यंत्राची चूक नोंदली जाते, आणि पुढच्या कोणा अनोळखी माणसाचे पत्र वेळेवर पोचण्याची शक्यता थोडी वाढते.